साक्षरतेच्या निधीला हात लावू नका

निरक्षर प्रौढांना लिहा-वाचायला शिकवणाऱ्या 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमाची मुदत 2027 मध्ये संपते. पुढे काय, हे आताच ठरायला हवे. पाच वर्षांसाठी तरतूद 1037.90 कोटी आणि उद्दिष्ट पाच कोटी शिकणाऱ्यांचे, म्हणजे माणशी जेमतेम 208 रुपये! शिकवणारे तर विनामानधन स्वयंसेवक. यातून आणखी काय कापणार?

2011 च्या जनगणनेत राज्यातील स्त्रियांची साक्षरता 75 टक्क्यांच्या वर होती, जालना जिल्ह्यात मात्र 61 टक्क्यांच्या आसपास. बीड-जालन्यातल्या ऊसतोड मजूर बाया मुकादमाच्या (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या) वहीत उचलीसमोर, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांसमोर, अंगठा उठवतात. किती उचल घेतली, किती फिटली, हे मुकादम सांगेल तेच खरे. आमच्या वर्गातल्या एका मावशींनी यंदा स्वतः वही मागून बेरीज करून पाहिली. पन्नाशीच्या बाईने मुकादमाकडे वही मागणे किती मोठे आहे, हे आमच्याकडच्यांनाच कळेल.

पण दसरा-दिवाळीनंतर ही कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि वर्ग ओस पडतात. राज्यात या कार्यक्रमाची 2024 आणि 2025 ची परीक्षा मार्चमध्येच झाली, तेव्हा अनेकजण उसाच्या फडातच होते. मजुरांच्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर) संध्याकाळचे वर्ग, पाट्या-पुस्तके, दिव्याची सोय आणि गावी परतल्यावर जूनमध्ये परीक्षा, एवढे तरी झाले पाहिजे. त्यासाठी पैसा लागतो. आगामी अर्थसंकल्पात राज्याने आपला वाटा वाढवावा आणि मराठवाड्यातील आमदारांनी तो पदरात पाडून घ्यावा.

– एक स्वयंसेवक शिक्षिका, माजलगाव (जि. बीड)