समुद्रसपाटीच्या खालून, दिन्यास

खाउडा, नेदरलँड्स
रविवार, सकाळ

प्रिय दिन्या,

तुझा फोटो बघितला. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, पडलेली खांड, भलंमोठं भगदाड, तिच्यातून शेतात घुसलेलं खारं पाणी, आणि बांधावर कमरेवर हात ठेवून उभा तू. फोनवर मी नुसता "अरेरे" करत राहिलो आणि तू वैतागून म्हणालास, "तू तर समुद्राच्या खाली राहतोस म्हणे. मग तुझ्याकडे कशा नाही खांडी पडत?" याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसलोय. चहा घेऊन बस, लांबण लागणार आहे.

आधी गावाचं नाव. नकाशात गौडा म्हणून सापडेल, ते चीजवालं. इथली माणसं घसा खरवडून 'खाउडा' म्हणतात. इथून सायकलने तासाभरावर न्यूवेरकेर्क नावाचं गाव आहे. त्याच्या जवळ या देशातली सगळ्यात खालची जमीन आहे, समुद्रसपाटीपासून उणे ६.७६ मीटर. तुमचं दुमजली घर तिथे उचलून ठेवलं तर समुद्राचं पाणी कौलांना टेकेल. मी मुद्दाम बघायला गेलो. पोटात गोळा येईल असं वाटलं होतं, पण तिथे हायवेचा आवाज, चरणाऱ्या गायी आणि एक छोटं स्मारक, बस. परतताना मात्र नदीच्या बांधावर चढलो आणि पाय लटपटले. एका हाताला भरतीची नदी, बांधाच्या अंगाला लागून वाहणारी. दुसऱ्या हाताला, त्या पाण्याच्या खूप खाली, घरांचे उंबरे. कुणाच्या तरी अंगणात वाळत घातलेले कपडे. आपल्या खाडीकाठच्या खारीत उधाणाच्या वेळी बांधावर उभं राहिलं की जे दिसतं तेच, फक्त आपल्याकडे तासा-दोन तासांनी पाणी उतरतं. इथे ते ओहोटीलाही घरांच्या जमिनीच्या वरच राहतं.

आता गंमत ऐक. ही जमीन मुळात खाली नव्हती. हजारेक वर्षांपूर्वी इथे दलदल होती, कुजक्या झाडोऱ्याचा जाड थर, ज्याला पीट म्हणतात. तो थर समुद्राच्या वर होता. शेतकरी आले, त्यांनी चर खणले, पाणी काढलं, शेती केली. पाणी गेलं की पीटमध्ये हवा शिरते, ते कुजतं, बसतं. जमीन खाली आली की पुन्हा ओली, की पुन्हा चर खोल. एक वेळ अशी आली की पाणी आपोआप बाहेर जाईना, मग पवनचक्क्या लावून उपसलं. मग वाफेचे पंप, मग डिझेल, आता वीज. वर सरपणासाठी पीट खणून काढलं, त्या खड्ड्यांची तळी झाली, तळी काठ खाऊ लागली, म्हणून तळीच उपसून कोरडी केली. ती उणे ६.७६ वाली जागा म्हणजे अशाच एका तळ्याचा तळ. समुद्र वर चढला त्याहून जमीन जास्त खाली गेली, आणि ती यांनीच घालवली. अजून जातेय, काही ठिकाणी वर्षाला सेंटीमीटरभर. आमच्या गल्लीत लोक दर काही वर्षांनी माती विकत आणून बाग भरतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, हौशी आहेत.

म्हणून मला ते "समुद्रावर विजय" वगैरे वाचलं की हसू येतं. हा विजय बिजय नाही, हप्त्यांनी फेडायचं कर्ज आहे.

पण तुझ्या प्रश्नाकडे येतो. दर वर्षी माझ्या घरी एक बिल येतं, पाणीपट्टीचं नाही, पाण्याच्या पंचायतीचं. 'वाटरस्खाप' म्हणतात तिला. देशात अशा २१ आहेत आणि त्यांचं काम एवढंच: बांध, चर, पंप आणि सांडपाणी. माझी पंचायत रायनलंडची, तिला राजाची सनद मिळाली १२५५ मध्ये. म्हणजे ज्ञानेश्वर जन्मायच्या आधी इथली माणसं चरांच्या खोलीवरून भांडत होती. आणि या पंचायतीची निवडणूक होते, दर चार वर्षांनी. मला इथल्या संसदेसाठी मत नाही, पण पाण्यासाठी आहे, कारण कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही आहे. मार्च २०२३ मध्ये मी रांगेत उभा राहून मत देऊन आलो. हाताएवढी पेन्सिल, चादरीएवढी मतपत्रिका. खारेपाटातला पोरगा डच बांधासाठी मत देतोय! आबा असते तर म्हणाले असते, "आधी आपल्या बांधातल्या उघाडीचं दार बघ."

भांडण कशावरून होतं सांगू? पातळीवरून. प्रत्येक पोल्डरमधल्या, म्हणजे बांध घालून पाणी उपसलेल्या जमिनीतल्या, चरात पाणी किती ठेवायचं याचा आकडा ठरलेला असतो, सेंटीमीटरमध्ये, आणि चराच्या कडेला खांबावर मोजपट्टी लावलेली असते. शेतकऱ्याला पाणी खाली हवं, नाहीतर ट्रॅक्टर रुततो, गायी चिखल करतात. जुन्या घरवाल्याला पाणी वर हवं, कारण घर लाकडी खुंट्यांवर उभं आहे आणि खुंट्यांची डोकी उघडी पडली की सडतात. पक्षीवाल्यांना ओली कुरणं हवीत. तिघेही कर भरतात, तिघांचंही खरं आहे. मग बैठक, मग आणखी बैठक, मग हरकती, मग चार बोटांचा निर्णय. यांच्या भाषेत जुळवून घेत-घेत निर्णय करण्याला क्रियापदच आहे: 'पोल्डरन'. मला त्या बैठकांची एक झलक बघायला मिळाली. दोन तासांत एकदाही आवाज चढला नाही, आणि मला झोप आली. आपल्याकडे एवढ्या विषयावर निदान एक खुर्ची तुटली असती.

बांधाची तब्येत बघायलाही माणसं ठेवलेली असतात. बांधावर मेंढ्या चरतात, त्यांच्या खुरांनी माती दाबून बसते. आपल्याकडे खेकडे बांध पोखरतात ना, इथे मस्करॅट नावाचा उंदराचा मोठा भाऊ बिळं करतो. त्याला पकडायला पंचायतीचे पगारी नोकर आहेत. आणि बांधांना नावं दिली आहेत ती मला फार आवडली. पाण्याला भिडलेला तो 'जागता'. त्याच्या मागचा जुना, वेळ पडली तर कामाला येणारा तो 'झोपलेला'. त्याच्याही मागचा तिसरा, 'स्वप्न बघणारा'.

जुन्या काळी इथला कायदाही कडक होता. बांधाचा तुझ्या वाट्याचा तुकडा तुला झेपत नसेल तर बांधात फावडं रोवायचं आणि निघून जायचं. जो ते फावडं उपटेल त्याला तुझी जमीन, आणि त्याच्याच गळ्यात तो बांध. हे वाचलं तेव्हा आबांनी सांगितलेलं आठवलं. उधाणाआधी घरटी एक माणूस बांधावर, चिखलाचे गोळे हातोहात, आणि न येणाऱ्याला गावकीचा दंड. मग १९४८ मध्ये मुंबई सरकारचा खार जमिनींचा कायदा आला, १९७९ मध्ये महाराष्ट्राचा, आणि हळूहळू बांध गावाचा राहिला नाही, कचेरीचा झाला. तुझ्या अर्जाला "निधी उपलब्ध होताच" हे उत्तर किती वर्षं मिळतंय ते तूच सांगशील. फावडं रोवायलाही आता मालक सापडत नाही.

लगेच "तिकडचं कौतुक पुरे" म्हणू नकोस. यांच्याही खांडी पडल्यात. ३१ जानेवारी १९५३, शनिवारची रात्र. वायव्येचं वादळ, त्यात उधाणाची भरती. नैऋत्येकडच्या बेटांवरचे बांध बुटके आहेत हे इंजिनियर आधीपासून सांगत होते, पण युद्धातून उठलेल्या देशाकडे पैसा नव्हता. रात्री रेडिओ बंद असायचा, त्यामुळे झोपलेल्यांना कळलंच नाही. १८३६ माणसं गेली. न्यूवेरकेर्कला बांध फुटला तेव्हा एका नावाड्याने आपलं जहाजच त्या खांडीत घातलं, दरवाज्यासारखं. ते बसलं म्हणून आत राहणारी लाखो माणसं वाचली. मी ज्या बांधावर लटपटलो तो हाच.

त्यानंतर खाड्यांची मुखं बंद करायचा प्रचंड कार्यक्रम झाला. त्यातला एक किस्सा तुझ्यासाठी. ओस्टरस्खेल्ड नावाची खाडी सरळ बांध घालून बुजवायची ठरली होती. तिथल्या कालवं-शिनाण्यांवर जगणाऱ्यांनी आणि पर्यावरणवाल्यांनी ओरड केली: पाणी गोडं झालं तर आम्ही संपलो. शेवटी बुजवण्याऐवजी ६२ दारं लावली. एरवी उघडी, भरतीओहोटी आत-बाहेर, आणि वादळाचा इशारा आला की बंद. १९८६ मध्ये पूर्ण झालं, खर्च कितीतरी वाढला. तत्त्व काय? आपल्या उघाडीचंच. भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं. इथे मध्ययुगातही लाकडी दारं तशीच होती. जगाच्या दोन टोकांना, एकमेकांना न विचारता, चिखलातल्या माणसांनी तेच दार बनवलं.

मला सगळ्यात जास्त आवडलेली जागा मात्र वेगळीच. स्खोकलंड. हे एकेकाळचं बेट, आता भोवती बटाट्याची शेतं. आधी समुद्राने त्याचे लचके तोडले, ते इतकं अरुंद झालं की लोक दोन-तीन टेकाडांवर कोंबून राहायचे आणि फळ्यांच्या पायवाटेने ये-जा करायचे. समोरून कुणी आलं की एकमेकांना मिठीत धरून गिरकी घ्यायची आणि जागा बदलायची, असं तिथे सांगतात. १८५९ मध्ये राजाने हुकूम काढून उरलेल्या साडेसहाशे लोकांना हलवलं. पुढे १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध घालून हे बेट ज्यात होतं ते अख्खं आखातच समुद्रापासून तोडलं, आणि १९४२ मध्ये बेटाभोवतीचं पाणी उपसून टाकलं. मी त्या बेटाच्या काठावर उभा होतो. लाकडी खुंट्यांची भिंत, दिवा, धक्का, आणि धक्क्यापुढे गवत. होडी बांधायच्या जागी मेंढरू. दिन्या, गाव उठवल्यावर समुद्र गेला!

त्या नव्या जमिनीवर माणसं कशी बसवली ते वाचून मी थक्क झालो. शेत हवं असेल तर अर्ज करायचा. मग सरकारी निरीक्षक तुझ्या घरी येणार, गोठा बघणार, हिशेब बघणार, आणि बायकोचं घर टापटीप आहे का तेही बघणार. गावं आखली मध्ये एक मोठं आणि भोवती गोलाकार दहा लहान, अंतर सायकलीच्या हिशेबाने. प्रत्येक पंथाचं वेगळं चर्च, वेगळी शाळा. आणि मग लोकांनी मोटारी घेतल्या. मोठ्या गावाला जाणं सोपं झालं, लहान गावातली दुकानं बंद पडली. नकाशावर वर्तुळ अजून सुरेख दिसतं.

शेजारीच उर्क. तेही बेट होतं, १९३९ पर्यंत. बांध जोडला, खारं पाणी गेलं, हेरिंग गेले. सरकारने भरपाई दिली. पण उर्कच्या लोकांनी मासेमारी सोडली नाही, जहाजं घेऊन ते उत्तर समुद्रात जातात, आणि रविवारी एकही जहाज निघत नाही. पाण्याकडे तोंड करून एका बाईचा पुतळा आहे, आणि बाजूला फरशीवर बुडालेल्यांची नावं. तीच ती आडनावं, पुन्हा पुन्हा, बापाखाली मुलगा. मी वाचत गेलो आणि अर्ध्यावर थांबलो. आपल्या कोळीवाड्यातली म्हातारी आठवली, जी संध्याकाळी धक्क्यावर बसायची.

आता एक काम सांगतो. आम्स्टरडॅमच्या पालिकेत काचेचे तीन खांब आहेत, आत पाणी. दोनांत दोन किनाऱ्यांवरची समुद्राची पातळी, जिवंत, चढते-उतरते. तिसऱ्यात १९५३ च्या रात्रीचं पाणी, ४.५५ मीटर, तुझ्या डोक्याच्या कितीतरी वर. शाळेतली पोरं येतात, मान वर करून बघतात.

तू काचेचा खांब करू नकोस. लाल ऑइलपेंटचा छोटा डबा घे आणि शाळेच्या मागच्या भिंतीवर, जिथपर्यंत या वेळचं खारं पाणी आलं, तिथे रेघ मार. तारीख घाल, तिथी घाल. ओल अजून दिसत असेल, वाळायच्या आत कर. शेजारी २६ जुलै २००५ चीही मार. दामूकाकांना नेमकं ठाऊक आहे, त्यांच्या पडवीतल्या कोनाड्यापर्यंत आलं होतं. पुढच्या अर्जाला त्या भिंतीचा फोटो जोडू, मजकूर मी लिहून पाठवतो. कचेरीतले हसले तर हसू देत.

काकूंना नमस्कार सांग. तळ्यातले जिताडे मासे खारं पाणी शिरूनही राहिले का, तेही कळव. डिसेंबरात येतोय, एक माझ्यासाठी राखून ठेव.

तुझा,
बाळ्या