इंजिनाला दोष देण्याआधी क्लच उघडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत जुन्या स्नोमोबाईलवर, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीवर, आलेला लेख मी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. गाडी ओढत नसेल तर इंजिन थकले समजावे, आणि तेवढा खर्च झेपत नसेल तर क्लचचा तयार किट बसवावा, असा त्यात सल्ला आहे. हे वाचून जुन्या गाड्या भंगारात जातील किंवा लोक नको ते सुटे भाग विकत घेतील, म्हणून लिहिते आहे. मी निवृत्त टर्नर आहे. एकतीस वर्षे लेथवर काढली, आणि गेली बारा वर्षे १९९४ सालची एक स्नोमोबाईल स्वतःच्या हाताने सांभाळते आहे. पंख्याने थंड होणारे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन आहे तिचे.

गिअर नसलेली स्कूटर ज्यांनी उघडून पाहिली आहे त्यांना हा क्लच अर्धा ओळखीचाच वाटेल. दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये रबरी बेल्ट. पुढची पुली थेट क्रँकशाफ्टवर बसते. तिच्यात तीन वजने, रोलर आणि एक स्प्रिंग असते. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की वजने बाहेर झुकतात, रोलरवर रेटतात, पुलीचे सरकते पान आत येते आणि बेल्ट वर चढतो. स्प्रिंग त्याच्या उलट ढकलत असते. स्कूटरला गाडी सोडवणारा क्लच मागे वेगळा असतो, इथे ते कामही हीच पुली करते. मागच्या पुलीत दुसरी स्प्रिंग आणि हेलिक्स, म्हणजे तिरप्या कडांचा एक कॅम. चढ लागला, भार वाढला की हेलिक्स मागची पाने आवळतो आणि बेल्ट परत जोराच्या बाजूला येतो. अशी रचना नेदरलँड्सच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये मोटारीत आणली होती, तेव्हा लेखात ती आजची म्हटली असली तरी ती तशी नाही.

या सगळ्या यंत्रणेचे काम एकच: टू-स्ट्रोकला सर्वांत जास्त ताकद ज्या फेऱ्यांना मिळते, तिथेच इंजिनाला धरून ठेवणे. माझ्या इंजिनाला ती मिनिटाला ६,८०० फेऱ्यांच्या आसपास मिळते. पाच वर्षांपूर्वी पूर्ण थ्रॉटल देऊनही फेऱ्यांचा काटा ६,१०० च्या वर जाईना. मुलगा म्हणाला, "आई, इंजिन गेलं आता." मी आधी कॉम्प्रेशन मोजायला लावले. दोन्ही सिलिंडर सारखे, चौरस इंचाला १२५ पौंडांच्या जवळ. कार्ब्युरेटरही ठीक होते. तरी त्याने एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून किट आणला, कडक स्प्रिंग आणि हलकी वजने. बसवून पाहिला तर क्लच धरायला ५,००० फेऱ्या लागू लागल्या. मऊ बर्फात गाडी हिसका देऊन जागच्या जागी ट्रॅक, म्हणजे खालचा पट्टा, फिरवायची आणि खड्डा करून बसायची. दोन आठवड्यांत बेल्ट जळाला. तो वास मी अजून विसरलेली नाही.

मग मी क्लच उतरवला. यासाठी त्या क्लचचाच पुलर लागतो, हातोडा नव्हे. क्रँकशाफ्टचा टेपर, म्हणजे निमुळते टोक, एकदा दुखावला की तो सरळ करणे सोपे नाही, हे मी माझ्या धंद्यातून सांगते. सुटे करण्याआधी कव्हर, स्पायडर (आतला तीन हातांचा भाग) आणि सरकत्या पानावर एकाच रेषेत खूण केली, कारण संतुलन त्याच जोडणीत केलेले असते. आत जे दिसले त्याने सगळे उलगडले. रोलर एका बाजूने सपाट झाले होते. बुश इतके झिजलेले की सरकते पान बोटाने डुलत होते. मूळ स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली तर ती बसकी झालेली. मागच्या पुलीत हेलिक्सवर घासणारी प्लास्टिकची बटणे पार संपलेली. मूळ वजने मी दशांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवली, तर एक बाकीच्या दोघांपेक्षा दीड ग्रॅम हलके निघाले. आधीच्या कुणीतरी ते ग्राइंडरवर धरले होते. इंजिनाची म्हणून आम्ही सहन करत होतो ती थरथर तिथून येत होती.

किट परत डब्यात गेला. मूळ मापाची स्प्रिंग, तिन्ही सारखी वजने, नवे रोलर, बुश, बटणे आणि नवा बेल्ट घातला. जुना बेल्ट रुंदीला ३ मिलिमीटरहून जास्त झिजला होता. असा बेल्ट पुलीत खाली बसतो आणि गाडी सुरुवातच जणू वरच्या गिअरमध्ये करते. इंजिनाचे एक माउंट फाटले होते तेही बदलले, नाहीतर जोर आला की इंजिन वळते आणि पुल्या एका रेषेत राहत नाहीत. टेपर कोरडा पुसून क्लच चढवला. क्लचच्या आत तेल किंवा ग्रीस घालायचे नाही, बेल्टची भुकटी त्याला चिकटून सगळे जाम होते.

एवढ्यावर काटा ६,५०० ला आला. यात सुधारणा म्हणावी असे काहीच नव्हते, ही नुसती दुरुस्ती होती.

खरे ट्यूनिंग त्यानंतरचे. मागची स्प्रिंग एक भोक पुढे पिळली, ६,६५० झाले. मग प्रत्येक वजनातून दोन ग्रॅम कमी केले, ६,८५० मिळाले, तिथे थांबले. वजन हलके केले की फेऱ्या वाढतात, जड केले की उतरतात. एका वेळी एकच बदल, तोच चढ, शक्य तितका तसाच बर्फ, आणि वहीत नोंद. एका संध्याकाळी दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि कशाने काय झाले हे कळायला पूर्ण रविवार गेला. गाडीच्या प्रत्येक चकरेनंतर इंजिन बंद करून दोन्ही पुल्यांना हात लावायचा. हात टेकवत नसेल तर बेल्ट घसरतो आहे. उंचीचाही हिशोब असतो: दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण ३ टक्क्यांनी घटते, म्हणून डोंगरातली वजने आणि सपाटीवरची वजने एक असू शकत नाहीत. किटवर मात्र एकच आकडा छापलेला असतो.

नवे काही घालूच नये असे माझे म्हणणे नाही. गेल्या वर्षी मी मागे रोलरवर चालणारी पुली बसवली. बटणांचे घर्षण गेल्यामुळे थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की गाडी लगेच जोरात येते. वळणांच्या चढावर मला तो फरक पहिल्याच दिवशी जाणवला. पण ती बसवताना दोन्ही पुल्यांमधले अंतर आणि रेषा सरळ पट्टीने मोजून वॉशर घालावे लागले, त्यात दोन दिवस गेले. हेलिक्सचा कोनही मी मुद्दाम कमी ठेवला. मोठ्या कोनाचा हेलिक्स मोकळ्या मैदानात वेग लवकर पकडतो, पण स्लेज, म्हणजे मागे बांधलेली घसरगाडी, ओढताना फेऱ्या पडतात, आणि आमची गाडी स्लेज ओढते.

शेवटी एक विनंती. लेखासोबतच्या छायाचित्रात बेल्टवरचे झाकण काढून इंजिन चालू ठेवलेले आहे आणि एक तरुण वाकून पाहतो आहे. पूर्ण वेगात तुटलेला बेल्ट किंवा निखळलेले वजन पत्रा फाडून बाहेर येते, मग समोरच्या चेहऱ्याचे काय होईल? ते छायाचित्र मागे घ्यावे आणि पुढच्या अंकात तसे ठळक अक्षरांत छापावे.

आपली,
एक निवृत्त टर्नर