लुगड्याची गोधडी आणि यंदाचा नाताळ

मालाड, मुंबई
७ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहायला बसले. ‘एवढी राबतेस तर गोधड्या विकायला काढ, चार पैसे सुटतील,’ हे तुम्ही माझ्या काळजीपोटी म्हणता, मला कळतं. ऑफिसातल्या दोघीतिघींनीही भाव विचारला. पण नाताळच्या भेटी मी विकणार नाही. का, ते सांगायचं तर सध्या मांडीवर असलेल्या कामाबद्दलच सांगते.

खालच्या मजल्यावरच्या आंटी आठवतात ना? गेल्या खेपेला आईला बाटली मसाला दिला होता, त्या. इथल्याच ऑर्लेमचं जुनं ईस्ट इंडियन घर, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांपैकी, घरात मराठीच बोलतात. आई आणि त्या तर बोंबलाच्या कालवणापासून सुनांपर्यंत सगळं बोलल्या होत्या. आता त्यांना लुगडं सावरत नाही, गाउनच घालतात. लाल चौकड्यांची लुगडी ट्रंकेत पडून होती. त्यांच्या मुलीनं त्यातलं एक गुपचूप माझ्याकडे आणून दिलं. म्हणाली, ‘मम्मीसाठी काहीतरी कर, माझ्यानं टाकवत नाही.’ त्याचीच मी मांडीवर घ्यायची छोटी गोधडी करतेय. २४ तारखेच्या रात्री मिडनाइट माससाठी सगळी चर्चला जातात. आंटींना हल्ली तेवढं जागवत नाही, त्या घरीच असतात. तेव्हाच त्यांच्या हातात द्यायची, असं ठरलंय.

नऊवार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर. पाच-पाच फुटांवर फाडलं की पाच थर निघतात. पण बसण्याचा भाग इतका विरलाय, की उजेडात धरला तर पलीकडच्या खिडकीचे गज दिसतात. आई, इथं तुझंच ऐकलं. विरलेलं पोटात, धड कापड वर, आणि मध्ये तुझ्या जुन्या सुती साडीचा एक थर. काठ उसवून वेगळे ठेवलेत. काठाची वीण घट्ट, म्हणून ते चारी कडांना लावणार, कारण पांघरूण आपण कडेला धरूनच ओढतो आणि ते आधी तिथंच फाटतं. धावदोरा बाहेरून आत, चौकोनात फिरवत नेतेय. टाका तांदळाएवढा. दोरा हातभरच घेते, लांब घेतला की पिळा पडतो आणि गाठी बसतात. चौकड्या असल्यामुळे खडूची रेघ मारायला लागत नाही, विणीचीच रेघ धरून सुई पुढं जाते.

आता बाबा, तुम्हीच सांगा, हिला भाव काय लावू? आंटी सकाळी गॅलरीत आरामखुर्चीत बसतात, त्यांचे पाय गार पडतात, जड काही घेतलं की ते घसरून खाली येतं. हे मला जातायेता दिसतं, म्हणून मी चार फूट बाय पाच फूट आणि पातळ करायची ठरवली. मुंबईत डिसेंबरच्या पहाटे पारा उतरून उतरून किती उतरणार, अठराच्या आसपास. दुकानातल्या पॉलिएस्टर भरलेल्या रजईत इथं घाम फुटतो. तरी लोक त्याच भेट देतात आणि त्या माळ्यावर जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं. ऑर्डर देणारा लांबी-रुंदी आणि रंग सांगेल. ती कुठं बसून पांघरणार, हे कोण सांगणार? पैशांची गरज पडली तर मी दुसरं काहीही करीन, बाबा. हे एवढं असंच राहू द्या.

वरच्या मजल्यावरच्या दुसरीतल्या पोरीचं काम आधीच देऊन झालं. नाताळाआधीचे चार रविवार धरून त्यांचा आगमनकाळ असतो. तिच्यासाठी भिंतीवर टांगायचं कापडी कॅलेंडर केलं, १ ते २४ तारखांचे चोवीस खिसे. खिशांना आई, तुझ्या ओटीत आलेले ब्लाउजपीस वापरले, त्यातलेही सुतीच. लाल रंगाचा भरवसा नसतो, म्हणून प्रत्येक लाल तुकड्यावर ओला पांढरा रुमाल घासून पाहिला आणि रंग जाणारे बाजूला काढले. आकडे मराठीत भरले, तिला शाळेत तेच चाललेत. रोज एका खिशातून चिठ्ठी निघते: आजीला पाणी दे, भावाशी भांडू नकोस. सांगितलेलं केलं की नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात गवताची एक काडी ठेवायची, म्हणजे २५ तारखेपर्यंत बाळ येशूसाठी मऊ गादी तयार होते. ही जुनी पद्धत तिच्या आईनं सांगितली. पोरगी संध्याकाळी माझ्या दारात येऊन किती काड्या झाल्या ते सांगून जाते. मी वाटच बघत असते.

बाकी गरम भांडी धरायची फडकी, दोन पिशव्या, तेवढंच. त्या बदल्यात नेवऱ्या, कुलकुल आणि मार्झिपानचं ताट येईलच. बाबांना मिल्क क्रीम आवडते, ती मी वेगळी काढून ठेवीन. एकच वडी मिळेल, साखर वाढलीय.

हो, लग्नपत्रिका! बाबा, तुम्ही साठवलेला तो गठ्ठा फार कामी येतोय. जाड कागदाचे षटकोन कापते, त्यावर चिंधी दुमडून कच्चा टाका घालते आणि लोकलमध्ये बसायला मिळालं की एकेक जोडत जाते. मालाड ते चर्चगेट बऱ्यापैकी काम होतं. आजूबाजूच्या बायका वाकून बघतात. मागच्या बाजूला कुठं ‘चि. सौ. कां.’ दिसतं, कुठं नुसतं ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. सगळ्या बाजू जोडून झाल्या की कागद काढून घेते आणि तोच पुढच्या चिंधीला लावते.

आई, आता तुझ्याशी. मोतीबिंदू काढल्यापासूनही बारीक दिसत नाही, आता माझ्या हातून काय होणार, असं तू म्हणालीस ते माझ्या मनातून जात नाही. सुई मी ओवीन, टाके मी घालीन. पण आतला थर कुठं गोळा झालाय, ते मला टाके पडून गेल्यावर कळतं. तू नुसता तळवा फिरवून सांगायचीस. कुठल्या कापडाशेजारी कुठलं बसेल, हेही मी अजून तुला फोटो पाठवूनच ठरवते, आणि फोटोत रंग धड दिसत नाही. मला तू इथं हवी आहेस.

आणि शेवटचा कोपरा मी उघडाच ठेवलाय. गोधडी उपाशी राहू नये म्हणून तू तो शिवायच्या आधी भाकरीचा वाळवलेला तुकडा आत ठेवायचीस. आंटींच्या मुलीला विचारलं, चालेल का. तिचे डोळे भरून आले. म्हणाली, ‘आमच्या घरची तांदळाची भाकरी घाल.’ ती मी आणून उन्हात कडक वाळवलीय. तो तुकडा तूच ठेवायचास.

तेव्हा १८ किंवा १९ तारखेचं महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट मी काढते, कराडहून खालचे दोन बर्थ मिळतात का बघते. सीएसएमटीला मी घ्यायला येईन, टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत बसू नका. बाबांच्या बीपीच्या गोळ्या महिन्याच्या आणा, जानेवारीआधी मी तुम्हाला सोडणार नाही. आई, कपाटातल्या खालच्या कप्प्यातली निळी सुती साडी आण, नेसायची नसेल तरच. आणि बाबा, पत्रिका आणाल त्या साध्या जाड कागदाच्या आणा. चकचकीत प्लास्टिकच्या थराच्या नकोत, त्यातून सुई जात नाही.

तुमची,
सुमा