मंत्री साहेब, आमच्या तलावात नेमकी कोणती मासोळी चाललीय?

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातला ढीवर समाजाचा माणूस, आमच्या मच्छीमार संस्थेकडे एक मामा तलाव, म्हणजे जुना माजी मालगुजारी तलाव, लीजवर आहे. अनुदान, जाळी, विमा यावर तुमच्याकडे रोज निवेदनं येत असतीलच, मला बोलायचंय ते बोटुकलीबद्दल, म्हणजे बीज म्हणून तलावात सोडतो त्या बोटभर पिल्लांबद्दल, कारण ती कोणत्या मायबापाची आहे हे कोणीच विचारत नाही.

मागच्या हंगामात आमच्या जाळ्यात आलेली मासोळी सांगतो. बिलावर बीज कतल्याचं. आता कतल्याचं डोकं चांगलं मोठं असते, तोंड वरच्या बाजूला वळलेलं, ओठ साधे. हिचं डोकं बारीक, तोंड जवळपास समोर, खालच्या ओठाला रोहूसारखी झालर पण अर्धवट, आणि खवले मात्र कतल्यासारखे मोठे मोठे. आमच्या म्हाताऱ्यांनी उलटीपालटी करून पाह्यली अन म्हणाले, हा कतला बी नाही अन रोहू बी नाही. एकच नव्हती, त्या दिवशीच्या ओढीत अशा बऱ्याच निघाल्या. बीज तयार करून विकणाऱ्या हॅचरीवाल्याला फोन केला तर तो म्हणे पाण्याचा फरक असेल. पाण्याने ओठाला झालर येत नाही साहेब.

हे होते कसं ते तुमच्या खात्यातल्या लोकांना माहीत आहे, पण इथे लिहिणं गरजेचं आहे. रोहू, कतला, मृगळ पावसाळ्यात नदीला पूर आला की वाहत्या पाण्यात अंडी देतात, तलावाच्या थांबलेल्या पाण्यात देत नाहीत. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरींनी ओडिशात माशाला पिट्युटरीचा, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीचा, अर्क टोचून अंडी घ्यायला लावली, म्हणूनच १० जुलैला आपण मत्स्य शेतकरी दिवस करतो, आणि आज गावागावात बीज मिळते ते त्या शोधामुळे, हे मान्यच आहे. पण आता कित्येक हॅचरीत काय होते की जोड्या कमी पडल्या किंवा घाई असली की तिन्ही जातींना एकाच वेळी हार्मोनचं इंजेक्शन देऊन एकाच गोल टाकीत सोडतात. या माशांत अंडं शरीराबाहेर फळते, पाणी फिरत राहते, कोणाचं वीर्य कोणाच्या अंड्याला लागलं कोण पाहते! नदीत या जाती आपापल्या वेगळ्या राहिल्या, पण तिघांचेही गुणसूत्र ५० च, त्यामुळे संकर सहज होतो आणि झालेलं पिल्लू वांझ पण नसते. खरी गोम इथेच आहे. ते मोठं होऊन उद्या कोणाच्या तरी हॅचरीत प्रजननाला बसते, मग पुढची पिढी अजून मिसळते, आणि दोनतीन पिढ्यांनी डोळ्याने ओळखूच येत नाही.

काही जण म्हणतात कतला-रोहूचा संकर रोहूपेक्षा चांगला वाढतो, डोकं लहान म्हणून मांस जास्त. पहिल्या पिढीत वाढतोही, मी नाकारत नाही. पण आमचा सगळा हिशोब यावर आहे की कतला वरचं खाते, रोहू मधलं, मृगळ तळातलं, म्हणून एकाच पाण्यात तिघं पोसतात. कतल्याच्या कल्ल्यात बारीक दाट चाळणी असते, त्याने तो पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. संकराची चाळणी धड इकडची ना तिकडची, मग तो दुसऱ्याच्या वाट्यात घुसते, आणि लीज, बीज, मजुरी मात्र आम्ही पूर्ण भरतो.

नदीचं तर विचारूच नका. लोणावळ्याकडच्या हॅचरीतली निळ्या परांची महसीर, ही नदीतली मोठी मासोळी, कावेरीत सोडत गेले, तिने तिथली कुबडवाली महसीर मागे सारली, आणि त्या कुबडवालीची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी म्हणून पक्की झाली २०१८ मध्ये, तोवर ती संपायच्या काठावर आलेली. आमच्या वैनगंगेत तसं व्हायला नको. थाई मांगूर ही परदेशी मासोळी पाळणं २००० पासून बंद आहे म्हणतात, तरी लपूनछपून पाळतातच की लोक!

धानाच्या बियाण्याच्या पिशवीला टॅग असतो, लॉट नंबर असतो, मग मत्स्यबीजाच्या पिशवीला का नाही? २०२५ मध्ये सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला, मग बियाण्याचे नियम पण शेतीसारखे लावा. एका टाकीत एकच जात, नाहीतर लायसन्स रद्द. प्रजननाच्या माशांची डीएनए तपासणी करा आणि ती पण नीट करा, कारण नुसती मायटोकॉन्ड्रियल टेस्ट, म्हणजे आईकडूनच येणाऱ्या डीएनएची, फक्त आई कोण ते सांगते, बाप दुसऱ्या जातीचा असला तरी पास होऊन जाते, न्यूक्लियर मार्कर, म्हणजे आईबाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएतल्या खुणा, पण पाहावेच लागतात. नागपुरात तेलंगखेडीला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, लखनौला माशांच्या जनुकांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, त्यांना सोबत घ्या. आणि जोवर तपासणी नाही तोवर नदीत अन धरणात सरकारी बीज सोडणं थांबवा.

जूनमध्ये हॅचऱ्या सुरू होतात, आदेश त्याआधी निघायला पाहिजे. उत्तराची वाट पाहतोय, आणि तपासणीला सँपल लागले तर आमच्या तलावातली मासोळी आम्ही स्वतः बर्फात घालून नागपूरला आणून देतो.

आपला,
मामा तलावावरचा एक मच्छीमार, जि. गोंदिया