बिल थकले तरी पगार थकवता येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात होरगुत्तिगे (कंत्राटदारामार्फत घेतलेल्या) कर्मचाऱ्यांचा, म्हणजे दवाखान्यातले सफाईवाले, हॉस्टेलचे स्वयंपाकी, ऑफिसांतले डाटा एंट्री ऑपरेटर यांचा पगार थकला की सरकारी खाते कंत्राटदाराकडे बोट दाखवते. कंत्राटदार म्हणतो, वरून बिलच आले नाही. कायद्यात दोघांचेही म्हणणे बसत नाही. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा असतो. बिल कधी निघते याच्याशी कामगाराचा संबंध नाही. कंत्राटदाराने हात वर केले तर खात्याने स्वतः पगार देऊन त्याच्याकडून वसूल करायचा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात कलम २१(४) होते ते हेच, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतही ही जबाबदारी कायम आहे. मात्र कंत्राटी कामगारांच्या तरतुदींची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर गेली. तालुक्यातली बहुतेक कंत्राटे याहून लहान असणार, तेव्हा परवान्याची तपासणीही गेली. आता जे काही धरून ठेवायचे ते निविदेच्या अटींतच.

आणि दुखणेही तिथेच आहे. पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्यविमा) यांचे आकडे ठरलेले असतात, स्पर्धा होते ती सेवाशुल्काच्या, म्हणजे कंत्राटदाराच्या स्वतःच्या मोबदल्याच्या टक्क्यावर. मग शून्य टक्के किंवा ०.०१ टक्के भरून काम घेतले जाते. हिशेब करून पाहावा. समजा पगार १५,००० रुपये. मालकाचा पीएफ प्रशासन व विम्यासह १३ टक्के, म्हणजे १,९५०, ईएसआय ३.२५ टक्क्यांनी ४८८, बोनस ८.३३ टक्क्यांनी साधारण १,२५०. माणशी १८,६८८. चाळीस माणसांचे महिन्याला सुमारे साडेसात लाख. बिल तीन महिने अडले की कंत्राटदाराचे साडेबावीस लाख अडकतात आणि १२ टक्के व्याजाने त्यांचा महिन्याचा खर्च होतो साडेबावीस हजार, म्हणजे मासिक बिलाच्या ३ टक्के. शून्य टक्केवाला हे कोठून आणणार? दहाच्या हजेरीवर आठ माणसे राबवून, कापलेला पीएफ न भरून, नाहीतर नोकरी लावताना 'डिपॉझिट' घेऊन. चौथा मार्ग निदान आम्हाला तरी दिसत नाही. केंद्राने जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरच्या मनुष्यबळ निविदांना किमान ३.८५ टक्के सेवाशुल्काची अट घातली ती उगीच नव्हे. जिल्हा पंचायत आणि महापालिकेने अशीच किमान मर्यादा निविदेत घालावी, आणि तीन महिन्यांचे पगार स्वतःच्या भांडवलातून देण्याची ऐपत बँकेच्या दाखल्यासह मागावी.

दुसरी ढिलाई बिल मंजूर करताना होते. पीएफचे चलन जोडले की टेबलावरून फाईल पुढे सरकते. पण चलनावर फक्त एकूण रक्कम असते; तेच चलन दुसऱ्या साईटच्या बिलालाही जोडता येते. मागायला हवी ती ईसीआर, म्हणजे यूएएननुसार (प्रत्येक कामगाराच्या पीएफ क्रमांकानुसार) नावांची यादी. ती हजेरीपत्रकाशी आणि पगार जमा झाल्याच्या बँक यादीशी नाव-नाव ताडून पाहावी. तिन्ही याद्यांत माणसे तितकीच हवीत. चाळीस नावांना अर्धा तासही लागत नाही. पीएफ आणि ईएसआय दोन्ही पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असल्याने मागच्या महिन्याची ईसीआर नसेल तर चालू बिल थांबवावे, पण तेव्हा पगाराचा भाग खात्याने थेट कामगारांच्या खात्यावर टाकावा. नाहीतर शिक्षा पुन्हा कामगारालाच. महापालिकांनी पौरकार्मिकांना (सफाई कामगारांना) थेट पगार द्यायला सुरुवात केलीच आहे, त्यामुळे यंत्रणा नाही ही सबब चालणार नाही.

जाता जाता एक. पगाराचे दर, कामाचे तास आणि पगाराची तारीख यांचा फलक बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या स्थानिक भाषेतही लावावा, असे जुन्या केंद्रीय नियमांत (नियम ८१) होते. खानापूर तालुक्यात ती भाषा कोणती हे अधिकाऱ्यांना सांगायला नको. कन्नड फलकाशेजारी मराठी फलक लावायला फारतर हजार रुपये लागतील, आणि खर्च कंत्राटदाराकडून घ्यायची अट निविदेत एका ओळीत बसते.

आपले,
काही निवृत्त लेखा कर्मचारी, बेळगाव