सुन्यास, ठोसेघरहून आल्यावर

प्रिय सुन्या,

चार महिने पत्र नाही, फोनही दोनदा उचलला नाही. शिव्या नंतर घाल, आधी वाच. घरी सगळे बरे आहेत, आईचा गुडघा पावसात धरतो तेवढाच.

गेल्या रविवारी ठोसेघरला गेलो होतो. होय, मी. पोराला नवं लायसन्स मिळालंय, त्याला घाटात गाडी चालवायची होती. बरोबर त्याचा एक मित्र. ही म्हणाली, इतकी वर्षं साताऱ्यात राहून तुम्ही एकदाही नेलं नाहीत. तिला काय सांगणार होतो?

बोगदा ओलांडला. सज्जनगड ढगात होता. परळीखाली आपल्या वेळी शेतं होती, तुझी लुना जिथं बंद पडली आणि तू माझ्यावर चिडलास (पेट्रोल तूच भरलं नव्हतंस, आजही सांगतो), तिथं आता उरमोडी धरणाचं पाणी पसरलंय. ठोसेघरला लोखंडी कठडे आहेत, समोरून बघायला गॅलरी बांधलीय. मोठा धबधबा भरून कोसळत होता. दरीतून वारा असा वर यायचा की तुषार आपल्याच तोंडावर.

मी कणसं घ्यायला थांबलो. वळून बघतो तर पोरगा कठड्यापलीकडे कातळावर उभा, पाठ दरीकडे. मित्र मोबाईल धरून म्हणत होता, ‘अजून जरा मागं सर, पाणी येत नाय फोटोत.’

तेच शब्द रे.

कसा पोचलो आठवत नाही. दंडाला धरून अलीकडे ओढला आणि सगळ्यांदेखत कानाखाली मारली. एकोणीस वर्षांचं पोर. त्याच्या बुटाच्या खाचांत हिरवं शेवाळ गच्च भरलं होतं, मला तेवढंच दिसत होतं. कातळ निसरडा असतो, वर पठारावर सर आली की खाली ऊन असतानाही पाणी चढतं, हे सगळं शांतपणे सांगता आलं असतं. सांगितलं नाही. मारलं.

परत फिरू असं कुणी म्हणालं नाही, म्हणून ठरल्याप्रमाणे यवतेश्वरच्या घाटानं कासला आणि पुढे बामणोलीला उतरलो. कासला तेरडा नुकता लागलाय. कुणी बघितला नाही. पोरगा प्रत्येक वळणावर हॉर्न देत, इतका जपून चालवत होता की मला रडू येत होतं. बामणोलीला शिवसागर काठोकाठ, वासोट्यावर ढग. मी घोटाभर पाण्यात उभा होतो. तो चार हात मागं उभा राहिला, माझ्याकडे बघत. आज आठवा दिवस, बोलत नाही. जेवतो, ताट उचलतो, खोलीत जातो.

त्याला बाळ्याचं सांगू का? सांगितलं तर सगळंच सांगावं लागेल. काकूंना आपण ‘पाय घसरला’ एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. अजून दर संक्रांतीला त्या माझ्या हातावर तिळगूळ ठेवतात आणि दोघांची चौकशी करतात, तुझी आणि माझी. पोरगा त्यांच्या घरी जातो, त्यांची औषधं आणून देतो. उद्या तो त्यांच्यासमोर कसा उभा राहील?

आणि तू पुन्हा दोष स्वतःवर घेशील, म्हणशील ‘मागं सर’ हे वाक्य तुझं होतं. सत्तावीस वर्षं तू हेच म्हणतोयस. मला माझाच आवाज आठवतो. कॅमेरा माझ्या हातात होता, सुन्या. तो रोल फेकून दे म्हणून तू दोन महिने बोलला नाहीस. फेकला नाही. कपाटात वरच्या फळीवर आहे, धुतलेला नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीला ॲडमिशन मिळाली का? वहिनींना नमस्कार, त्यांची लोणच्याची बरणी अजून माझ्याकडेच आहे.

गणपतीला ये. दोन दिवस तरी ये. तू येईपर्यंत पोराला काही सांगत नाही. तू आलास की त्याला समोर बसवू आणि दोघांनी मिळून सांगू. मग तो म्हणेल तर काकूंकडे जाऊ.

गाडीचा आवाज आला. क्लासहून आला वाटतं. जेवायला वाढायला जातो.

तुझा,
दिल्या