हाडाची वाढ थांबायला आणि फाईल बंद व्हायला एकच मुहूर्त

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

साहेब, मी दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या बाजूला आशा सेविका आहे. मानधनाचं गाऱ्हाणं या पत्रात नाही, ते संघटना वेगळं घालते आहेच. हे पत्र माझ्या मुलाच्या वरच्या जबड्याबद्दल आहे.

२००६ साली तो जन्मला तेव्हा ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले होते. बाळ हातात घ्यायच्या आधीच सासूबाई म्हणाल्या, "ग्रहणात विळीवर बसली असशील." ते मी बरीच वर्षं खरं मानलं. पुढे आशाच्या कामाला लागले तेव्हा कळलं की बाळाचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. तेव्हा कित्येक बायकांना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो, ग्रहण पाळणार कधी?

ओठ आणि टाळू दोन्ही लहानपणीच शिवून झाले. लोकांना वाटतं, टाके पडले की संपलं. पण शिवलेल्या टाळूचा व्रण वरच्या जबड्याला पुढे वाढू देत नाही आणि खालचा जबडा आपल्या चालीने वाढतच राहतो. सगळ्याच मुलांचं असं होत नाही, माझ्या मुलाचं झालं. बारा-तेरा वर्षांचा झाला तसा त्याच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना खड्डा पडल्यासारखा दिसू लागला, वरचा ओठ आत गेला, हनुवटी पुढे आली. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या मागे पडायचे. भाकरीचा तुकडा त्याला पुढच्या दातांनी तोडता येत नसे. आंब्याची फोड तो चमच्याने खरवडून खायचा, आणि हे कोकणातलं पोर! शाळेत त्याला 'गेंगाण्या' म्हणत. बंदरावर संध्याकाळी लिलाव पुकारणाऱ्या काकांचं त्याला फार वेड होतं, पण स्वतः तो चारचौघांत तोंड उघडत नसे.

आता योजनेचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला, तो आपल्याच कोकणपट्टीत, पालघरला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं आणि ३० आजार त्यात धरले, दुभंगलेला ओठ-टाळूही धरला. चांगलं काम आहे. पथकाची गाडी शाळेत येते तेव्हा मुलांना रांगेत उभं करणाऱ्यांत मीही असते. पण या जबड्याचं ऑपरेशन वाढ पुरी झाल्याशिवाय करत नाहीत. मुलग्यांचा खालचा जबडा अठराव्या-एकोणिसाव्या वर्षापर्यंत वाढत असतो. आधी घाई केली तर तो पुन्हा पुढे निघतो आणि केलेलं वाया जातं. त्याआधी वर्ष-दीड वर्ष दातांना तारा लावून दात सरळ रांगेत आणावे लागतात. म्हणजे डॉक्टर म्हणतात अठरा होऊ दे, आणि अठरा झाले की योजना म्हणते, आता हा आमचा नाही. पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी आम्ही डॉक्टरांकडे गेलो तेव्हा सगळे म्हणाले, थांबा. आम्ही थांबलो. थांबण्याचीच शिक्षा झाली.

मग दुसऱ्या योजनेच्या खिडकीवर गेले. कागद उलटसुलट करून आतून उत्तर आलं, "कॉस्मेटिक आहे ताई, बसत नाही." मी भाकरीचं सांगितलं. त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

ऑपरेशन शेवटी २०२५ मध्ये झालं, बचत गटाच्या कर्जावर आणि मोडलेल्या सोन्यावर. त्याआधी एका तरुण डॉक्टरांनी आम्हाला मराठीतून, आरसा हातात देऊन सगळं समजावलं, ते इथे लिहिते, कारण ज्याने 'कॉस्मेटिक' हा शब्द लिहिला त्याने ते वाचावं. या ऑपरेशनला 'ले फोर्ट वन' म्हणतात. रेने ले फोर्ट या फ्रेंच सर्जनने चेहऱ्याचं हाड मार लागल्यावर कुठल्या रेषांत तुटतं ते कवट्यांवर तपासून १९०१ मध्ये मांडलं, त्यातल्या पहिल्या रेषेवरून हे नाव. चेहऱ्यावर कुठेही चीर नाही. ओठ वर उचलून आतून हिरडीच्या वर कापतात, दातांच्या मुळांच्या वरून हाड आडवं सोडवतात आणि टेबलाचा खण ओढावा तसा दातांसकट अख्खा जबडा पुढे आणतात. मग टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या आणि स्क्रू.

याने चेहरा बदलतो, आणि खूप बदलतो. नाकाच्या बाजूचे खड्डे भरतात, ओठाला मागून आधार मिळतो. हाड जितकं पुढे येतं तितका ओठ येत नाही, आणि शिवलेला ओठ ताठ असतो म्हणून आणखी कमी येतो. नाकाचा शेंडा थोडा वर उचलला जातो, नाकपुड्या पसरतात. त्या फार पसरू नयेत म्हणून आतून एक टाका घालतात. खालच्या जबड्याला हात न लावताही तो मागे गेल्यासारखा दिसतो. डॉक्टरांनी एक भीतीही स्पष्ट सांगितली : जबड्याबरोबर टाळूही पुढे सरकतो, त्यामुळे टाळू आणि घसा यांच्यामधली फट वाढून बोलणं आणखी नाकातून येऊ शकतं. त्यासाठी वाचातज्ज्ञाकडून आधी तपासून घ्यायचं असतं. निर्णय मुलाने घेतला, मी नाही.

पहिले तीन दिवस तो ओळखू येत नव्हता इतका सुजला होता. सहा आठवडे पेज, आंबील आणि गाळलेलं सार. गाल आणि वरचा ओठ महिनोन्‌महिने बधिर होता, पेज ओघळली तरी त्याला कळत नसे. सूज उतरत उतरत खरा चेहरा दिसायला सहा महिने गेले. तेव्हा एक दिवस सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगो, हा तर ह्यांच्यासारखा दिसतो." माझे सासरे तो जन्मायच्या आधीच गेले. एकोणीस वर्षं ते नाक-तोंड आमच्याच घरात होतं आणि कोणाला दिसलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू साहेब, मला त्याचं रूपही हवं होतं. खिडकीवर मात्र आईने फक्त चावण्या-गिळण्याचंच बोलायचं असतं, चेहऱ्याचं नाव काढलं की फाईल पडते. आज तो भाकरी तोडून खातो, 'स' आणि 'श' स्वच्छ म्हणतो, थोडं नाकातून अजून येतं. आणि फोटोत मान खाली घालत नाही. यातलं कुठलं औषध आणि कुठलं सौंदर्य, ते त्या खिडकीतल्या बाईंनी मला वेगळं काढून दाखवावं.

माझं मागणं एवढंच की ज्या मुलाची नोंद अठराच्या आत झाली आहे, त्याचं नाव जबड्याचं काम पुरं होईपर्यंत काढू नका, आणि दुभंगलेल्या टाळूमागून येणाऱ्या जबड्याच्या ऑपरेशनला 'कॉस्मेटिक' लिहायचं नाही असं लेखी आदेशात घाला. तारा आवळायला दर महिन्याला आम्ही खेडहून कोकणकन्येने पहाटे सीएसएमटी गाठायचो, तो एक दिवसाचा रोजगार आणि रात्रीची झोप. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. महिन्यातून एकदा तरी तारा बघणारे दंतवैद्य आणि वाचातज्ज्ञ तिथे बसवता येतील.

माझ्याच वाडीत अशी एक मुलगी आहे. सातवीत आहे. तिच्या नाकाच्या बाजूला तेच खड्डे दिसायला लागलेत. परवा तिच्या आईने विचारलं, "ताई, पुढे काय करायचं?" मी म्हटलं, थांब. आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसले.

आपली,
हर्णै परिसरातली एक आशा सेविका